अक्काला नीट आठवत होतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आणि माझ्या तोंडून हे वाक्य किती विचित्र वाटतं, ते मला ओळखणाऱ्यांना विचारा. मिलिंदनं न सांगितलेलं असं काही शिल्लक असेल, यावर धुळ्यात कुणी विश्वास ठेवणार नाही.

कारण माझा तसा लौकिकच आहे. मी माझ्या फजित्या सांगतो. मागितल्या तरी सांगतो, न मागता तर हमखास. एरंडोलला एका ग्राहकाच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो ती गोष्ट तर तुम्ही ऐकली असेलच — चुकून शेजारच्या मंगल कार्यालयात शिरलो, वरण-बट्टी दोनदा मागून घेतली, वधूपित्याच्या हातात आहेराचं पाकीट दिलं, जोडप्याशेजारी उभं राहून फोटो काढला आणि बाहेर आल्यावर कमानीवरचं नाव वाचलं. कुण्या अनोळखी नवरदेवाच्या अल्बममध्ये मी आजही दात काढून हसतोय. पहिल्या गुंतवणूकदार मेळाव्यात इलास्टिकचा टाय घालून गेलो आणि भाषणाच्या ऐन भरात तो सटकून समोरच्या आजोबांच्या चहात पडला, हीसुद्धा माझीच.

लोक हसतात. म्हणतात, गडी दिलदार आहे, स्वतःवर हसतो.

आता गंमत सांगू? स्वतःच्या फजित्या सांगणाऱ्या माणसाला एक सोय असते. तो इतक्या चुका इतक्या मोकळेपणानं सांगतो, की अजून एखादी दडवलेली असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. मी ती सोय बरीच वर्षं वापरली. टाय, चहा, वरण-बट्टी — हे सगळं पुढं मांडून ठेवलेलं. आणि मागं अक्का.

अक्का म्हणजे माझी आत्या. नाना, म्हणजे माझे वडील, तिला अक्का म्हणतात म्हणून आम्हीही अक्काच म्हणतो. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत नोकरीभर नर्स होती. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर जळगावात स्वतःच्या पैशानं छोटं घर बांधलं आणि दारावर पाटी लावली — ‘सिस्टर शांताबाई’. आडनाव नाही, काही नाही. मी विचारलं तर म्हणाली, मला शोधत येणारे याच नावानं येतात.

आणि खरंच यायचे. वसाहतीतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. बाजारात एखादा मिशा फुटलेला बाप्या समोर आला की ही त्याला थांबवून, त्याच्या बायकोदेखत सांगायची, तू पायाळू, तुझ्या आईला तू फार छळलं. कोण कुठल्या पाळीत जन्मला, कुणाचं वजन कमी भरलं, कुणाच्या बापानं पेढ्याऐवजी गूळ वाटला — सगळं तोंडपाठ. तोंडपाठ म्हटल्यावर आणखी एक. आमच्यातला कुठलाही नामकरण विधी असो, घरभरणी असो, लग्न असो, त्रिशरण-पंचशील द्यायला अक्काच. ती पांढऱ्या साडीत पुढं बसायची, मेणबत्ती लागायची, आणि अख्खं महामंगलसुत्त डोळे मिटून, पुस्तिका न घेता म्हणायची. मागं बसलेल्या बायका आपापल्या पुस्तिकेत ओळ शोधत राहायच्या. अक्का तोवर पुढं गेलेली असायची.

तिच्या आठवणीबद्दल मी इतकं का सांगतोय? थांबा. तिथंच यायचंय मला. सरळ येता येत नाही म्हणून वळणावळणानं येतोय.

मी बी.कॉम. झालो ते कसाबसा. नाना धुळ्याला एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक. त्यांना वाटायचं पोरानं खुर्चीवर बसायचं काम करावं, कुठल्या खुर्चीवर ते त्यांनी माझ्यावर सोडलं होतं. तेव्हा जळगावात एक पदव्युत्तर अभ्यासक्रम होता. दोन वर्षं शिका, मग परीक्षा द्या, मग सरकारदरबारी नोंदणी करा, की तुम्ही अर्थसल्लागार. मला त्यातला ‘सल्लागार’ हा शब्दच आवडला. सल्ला द्यायला भांडवल लागत नाही, अशी माझी समजूत. राहायची सोय अक्काकडं. दोन वर्षं तिनं मला जेवू घातलं, माझे शर्ट इस्त्री केले, आणि दर रविवारी मी धुळ्याच्या गाडीत बसताना नानांसाठी डब्यात ठेचा दिला. हेही लक्षात ठेवा.

दुसऱ्या वर्षी प्रोजेक्ट असायचं. एक खरंखुरं कुटुंब किंवा माणूस घ्यायचा, त्याच्याशी बोलायचं, त्याची मिळकत, खर्च, म्हातारपणाची सोय सगळं समजून घ्यायचं आणि त्याच्यासाठी योजना आखायची. त्यातला कळीचा भाग एकच. या माणसाला चढ-उतार किती सोसतो? गुंतवलेले पैसे उद्या चांगलेच खाली आले, तर तो काय करेल — थांबेल की काढून पळेल? या एका उत्तरावर पुढची सगळी इमारत. थांबणारा असेल तर शेअर बाजाराचा वाटा मोठा ठेवा, पळणारा असेल तर त्याला त्या वाटेला नेऊच नका. आमच्या सगळ्या शिक्षणाचं सार म्हणाल तर एवढंच. माणसाला विचारा, आणि तो जे म्हणेल ते ऐका.

मी अक्काला घेतलं. जवळ होती, फुकट होती, आणि नाही म्हणणारी नव्हती.

थंडीचे दिवस होते. मागच्या अंगणात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून ती भरताची वांगी भाजत होती. गॅसवर भाजलेलं वांगं तिला चालायचं नाही. मी उंबऱ्यावर कागद घेऊन बसलो आणि एकेक विचारत गेलो. ती धुरानं डोळे बारीक करून, वांगी उलटवत उत्तरं देत होती. मग तो प्रश्न आला. म्हटलं, अक्का, समज तुझा पैसा अमक्या ठिकाणी लावला आणि तो खूप खाली आला. तू काय करशील?

अक्का घरात आमच्याशी अहिराणीतच बोलायची. तिनं वांगं उलटवलं, आणि जराही न थांबता म्हणाली,

“बठ्ठा पैसा काढी लिसू. लगेच. माले झोप येवाव नही.”

सगळा पैसा काढून घेईन, मला झोप यायची नाही. वर हेही सांगितलं की पेशंटचा ताप चढ-उतार दाखवायला लागला की ती पाळी संपली तरी घरी जायची नाही, तिचा स्वभावच तो.

इतकं स्पष्ट उत्तर माझ्या वर्गात कुणाला मिळालं नसेल.

मी काय लिहिलं? मी लिहिलं, की ग्राहक धीर धरतील, पैसे काढणार नाहीत, जमल्यास घसरणीत आणखी गुंतवतील.

आता तुम्ही विचाराल, का? त्याचं कारण अगदीच पोरकट आहे. आमचे जे सर होते त्यांना आलेखांचं भारी वेड. आम्ही त्यांना मागं ‘आलेखसर’ म्हणायचो. आदल्या आठवड्यात भुसावळच्या एका मुलीनं आपल्या वडिलांची योजना मांडली होती, सगळी ठेवींची, साधी, त्या माणसाला शोभेल अशी. सर म्हणाले, एवढ्यासाठी पदव्युत्तर कशाला, पोस्टमन पुरे. वर्ग हसला. सगळ्यात मोठ्यांदा मी हसलो. मग माझी अक्काही जर पोस्टाच्याच वाटेची निघाली, तर हसणाऱ्यांचं पुढचं गिऱ्हाईक मीच ना? आणि धाडसी ग्राहकाच्या योजनेत काय सुंदर आलेख निघायचे म्हणून सांगू! डाव्या कोपऱ्यातून उजव्या कोपऱ्यात चढत जाणारे. रंगीत.

मित्रांना मी कधी हे सांगितलंच असतं, तर एक पळवाट तयार ठेवली होती. अहिराणीतलं उत्तर, अहवाल इंग्रजीत, मध्ये मी — थोडं सांडणारच. सांडलं नव्हतं. मी ओतलं होतं.

पण थांबा, ही कबुली नव्हे. हे तर मी एखाद्या मैफलीत हसत हसत सांगूही शकलो असतो. विद्यार्थी होतो, प्रोजेक्ट होतं, कागदावरचा खेळ होता. कोण त्या योजनेवर खरंच पैसे लावणार आहे, असंच मला वाटलं होतं.

प्रोजेक्ट वर्गात पहिलं आलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कशात तरी पहिला. शेवटच्या सादरीकरणाला सरांनी सांगितलं, ग्राहकालाही घेऊन या. अक्का पांढरी साडी नेसून, केसांना तेल लावून, पहिल्या रांगेत बसली. सरांनी सगळ्यांसमोर तिच्याकडं हात करून म्हटलं, या वयात इतका धीर आजच्या तरुणांतही नसतो, बाजार पडला तरी मी डगमगणार नाही असं या ताई म्हणतात. टाळ्या झाल्या. अक्का टाळ्यांकडं बघून लाजली, मग माझ्याकडं बघितलं. परत येताना रिक्षात तिनं विचारलं, मी असं म्हटलं होतं का रे? मी म्हटलं, हो, म्हणालीस की, वांगी भाजताना.

ती मग हसली. म्हणाली, असेल, धुरात काय बोलले कोण जाणे.

ही दुसरी पायरी. अजून कबुली नाही, पण आता फार लांबही नाही.

तो बांधणी केलेला अहवाल तिनं बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या फळीवर ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. भाच्यानं माझ्यावर पुस्तक लिहिलंय, म्हणायची. आणि एके दिवशी मला म्हणाली, त्यात लिहिलंय तसं खरंच करून टाकू. ठेवी मोडते. करू ना?

इथं मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. अक्का, ते तुझं उत्तर नव्हतं, माझं होतं. एवढंच. पुढचं काहीही झालं नसतं. मी म्हटलं, कर. वर तिला सोबत घेऊन बँकेत गेलो आणि कुठं सही करायची ते बोटानं दाखवलं. तिला वाटलं, आपल्यात एक धाडसी बाई इतकी वर्षं लपून होती आणि ती आपल्या भाच्यानं शोधून काढली. त्या धाडसी बाईसारखं वागायचा तिनं प्रयत्न केला हो. खरंच केला.

मग मी परीक्षा दिली, पास झालो, नोंदणीच्या मागं लागलो. दरम्यान बाजार पडला. तो पडतोच, पुस्तकात त्यावर अख्खा धडा होता. मी धुळ्यात होतो. अक्कानं मला फोन केला नाही. काही दिवस रोज पेपरातला तो पानभर बारीक अक्षरातला मजकूर बघत बसली असणार. मग एकटीच रिक्षा करून गेली आणि सगळे पैसे काढून घेतले. अगदी तळाला. ती सांगून बसली होती तस्सं. लगेच. झोप येत नव्हती म्हणून.

नोकरीभर साठवलेल्यातला मोठा वाटा गेला. मला तिनं नंतर सांगितलं, तेही सहज, भाजी महाग झाली म्हणावं तसं. नानांना सांगू नको म्हणाली. पोराचं नवीन काम आहे, उगीच बोभाटा नको. ‘पोराचं’ म्हणजे माझं.

आता आलो.

नोंदणी झाली आणि नानांनी आमच्या घराची पुढची खोली मला ऑफिससाठी दिली. रंग दिला, काचेचं टेबल आणलं, पाटी लावली. उद्घाटनाच्या सकाळी वंदना ठेवली. अर्थात अक्का जळगावहून आली. खुर्च्या बाजूला सारून सगळे सतरंजीवर बसले — आई, नाना, काकांकडचे, शेजारचे, आणि नानांचे डेपोतले दोस्त. दोस्तांपैकी पाटीलभाऊ नुकतेच निवृत्त झालेले. माझे पहिले ग्राहक व्हायचं त्यांनी कबूल केलं होतं. अक्कानं डोळे मिटून पंचशील दिलं. तिच्या मागोमाग मी एकेक म्हणत गेलो. त्यातलं चौथं शील कोणतं, ते आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. खोटं बोलण्यापासून दूर राहीन. मी तेही म्हटलं. खणखणीत आवाजात म्हटलं, माझंच ऑफिस होतं.

मग नाश्ता सुरू झाला. पाटीलभाऊंनी चहा ओतता ओतता अक्काला सहज विचारलं, अक्का, तुमचा पैसापण मिलिंदकडंच ना? अक्काला खोटं बोलता यायचं नाही. म्हणाली, होता, पण पडला, मग काढून घेतला. किती पडला, तेही सांगितलं. नाना हातातली बशी खाली ठेवून माझ्याकडं वळले. नाना सहसा रागवत नाहीत. रागावले की आवाज आणखी खाली जातो. त्यांनी विचारलं, म्हाताऱ्या बाईचा पैसा तू असा कसा लावलास? खोलीतले सगळे ऐकत होते. पाटीलभाऊंचा कप तोंडाजवळ थांबलेला मला आजही दिसतो.

मी म्हणालो, तिचाच निर्णय होता. तिनंच सांगितलं होतं, पडला तरी काढणार नाही. सगळा वर्ग साक्षी आहे. तिनं धीर धरला असता तर आज तोटा दिसलाच नसता.

तेव्हा अक्का बोलली. भांडायला नाही. खरंच काय झालं होतं ते आठवत, सावकाश बोलली.

“मी तं काढी लिसू, असंच म्हनेल व्हतं ना रे?”

बघा. तिला आठवत होतं. वांगी, धूर, उंबऱ्यावर बसलेला मी, स्वतःचे शब्द — सगळं जागच्या जागी होतं. त्या भरल्या खोलीत खरं काय ते दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातल्या एकानं ते मोठ्यानं बोलून दाखवलं होतं. दुसऱ्यानं नुसतं हो म्हणायचं होतं.

मी हसलो. प्रेमानं हसलो. तिच्या खांद्यावर हात ठेवला. आणि आजारी माणसाशी बोलतात त्या आवाजात म्हणालो,

“अक्का, तुला हल्ली नीट आठवत नाही गं.”

हे ते वाक्य.

पैशांचं मी अजून एखाद वेळी कुणाला सांगू शकेन. अहवालात उत्तर फिरवलं, तेही सांगू शकेन. पण हे वाक्य — हे मी आज पहिल्यांदाच असं सबंध लिहितोय. तिचं खरं बोलणं मला खोटं पाडायचं होतं, आणि तिचं बोलणं कुणी खोटं मानलं नसतं. म्हणून मी तिचं डोकंच खोटं पाडलं. ठरवून केलं का? मला वाटतं, नाही. जीभ आपोआप तिथं गेली. ते जास्त वाईट की कमी, मला ठरवता येत नाही.

पुढचं काम मला करावंच लागलं नाही. खोलीतल्या सगळ्यांनी केलं. आई म्हणाली, हो ना, मागच्या वेळी चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधत होत्या. काकू म्हणाली, फोनवर एकच गोष्ट दोनदा सांगतात. पाटीलभाऊंनी त्यांच्या आईचं सांगितलं, असंच सुरू झालं होतं म्हणे. सगळे कळवळ्यानं बोलत होते. नानांचा राग बघता बघता काळजीत विरघळला आणि ती काळजी माझ्यावरून उठून अक्कावर जाऊन बसली.

अक्का माझ्याकडं बघत होती. थर्मामीटरचा आकडा पटला नाही की ती तो खिडकीजवळ नेऊन पुन्हा बघायची, तसं तिनं माझ्याकडं पुन्हा बघितलं. मी नजर हलवली नाही. मग तिनं पदर नीट केला आणि म्हणाली, “व्हई बाप्पा.” असेल बाबा.

पाटीलभाऊ माझे पहिले ग्राहक झाले. अजून आहेत.

नाना तिला धुळ्यातल्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. सोबत मी. डॉक्टरांनी बरंच विचारलं, आकडे उलटे म्हणायला लावले, आधी सांगितलेल्या वस्तू नंतर आठवायला लावल्या. अक्कानं सगळं बिनचूक सांगितलं. डॉक्टर म्हणाले, यांना काही झालेलं नाही, उलट माझ्यापेक्षा बरी आहे यांची स्मरणशक्ती. बाहेर आल्यावर अक्का म्हणाली, आज नशिबानं आठवलं. तिथं तरी मी बोलू शकलो असतो. डॉक्टरांनी माझं अर्धं काम करून दिलं होतं. मी काय केलं? रिक्षा थांबवली.

त्यानंतर ती बदलत गेली. डब्यांच्या झाकणांवर नावं चिकटवली, ज्या डब्यांत काय आहे ते ती अंधारातही सांगायची. बाजारात कुणाला अडवून ‘तू पायाळू’ म्हणायचं बंद झालं. चुकलं तर काय घ्या. वंदनेला पुस्तिका घेऊन बसायला लागली, ओळीवर बोट ठेवून. बोट ठेवलं की चाल तुटते. मग हळूहळू, दुसरं कुणीतरी म्हणा, असं म्हणायला लागली. आणि एके दिवशी नानांनी ठरवलं, अक्कानं आता एकटं राहायचं नाही. तिनं वाद घातला नाही. वाद घालायचा तर आधी स्वतःवर भरवसा लागतो. जळगावच्या घरात भाडेकरू आला. सामान टेम्पोत चढवलं तेव्हा दारावरची पाटी मीच काढली. स्क्रू गंजले होते, वेळ लागला. ती टेम्पोत पुढं बसून वाट बघत होती, पाटी दिल्यावर ती तिनं मांडीवर उलटी ठेवली.

आता ती आमच्याकडंच असते. ऑफिसच्या मागच्या खोलीत. आणि माझं काम छान चाललंय, हेही सांगायला हवं. माझ्याकडं एक नियम आहे. ग्राहक जे बोलेल ते त्याच्याच बोलीत, त्याच्याच शब्दांत लिहायचं. अहिराणी तर अहिराणी. ते त्याला वाचून दाखवायचं, मगच पुढं जायचं. लोकांना याचं फार कौतुक. म्हणतात, माणूस सचोटीचा आहे. कुणी याला प्रायश्चित्त म्हणू नये. ही नुसती सवय आहे, आणि तिच्यानं माझा धंदा वाढलाय.

तुम्हाला वाटत असेल, अक्काचा माझ्यावर राग असेल. असता तर मी कदाचित इतकं लिहिलंही नसतं. तिनं उलटंच केलं. स्वतःच्या डोक्यावर भरवसा उरला नाही, तेव्हा तिनं तो कुणावर तरी ठेवायला हवा होता. तिनं माझ्यावर ठेवला. गोळी घेतली का, ते मला विचारते. कुणाकडं काय आहेर केला होता, ते मला विचारते. आईनं काही विचारलं की म्हणते, मिलिंदला विचारा, त्याला नीट आठवतं. मी ऑफिसात ग्राहकासमोर असलो तरी ती दाराशी येऊन उभी राहते, माझं बोलणं संपायची वाट बघते, आणि विचारते, अमुक असंच झालं होतं ना रे? बहुतेक वेळा तसंच झालेलं असतं. मी हो म्हणतो. ती निर्धास्त होऊन आत जाते.

एक वाक्य बोललो तर हे सगळं तिला परत मिळेल. तिचं घर, तिचा बाजार, तिची पाटी. हे मला माहीत आहे. रोज माहीत असतं. आणि रोज सकाळी मी ऑफिसचं शटर वर करतो, अगरबत्ती लावतो आणि पहिल्या ग्राहकाला टायची गोष्ट सांगतो.

मागच्या रविवारी काकांच्या नातीचा नामकरण विधी होता. ज्या ताई नेहमी वंदना घेतात त्या आल्या नाहीत. सगळ्यांनी अक्काला आग्रह केला. ती नको नको म्हणत होती. शेवटी पुस्तिका मागून घेतली, मांडीवर उघडली आणि सुरू केलं. मी तिच्या शेजारी बसलो होतो. थोड्या वेळानं माझं लक्ष गेलं — तिचे डोळे मिटलेले होते, आणि मांडीवरची पुस्तिका भलत्याच पानावर उघडी होती. अख्खं सुत्त तसंच झालं, एका दमात, पूर्वीच्या चालीत. संपल्यावर मागच्या एक म्हाताऱ्या बाई शेजारणीला म्हणाल्या, एक अक्षर नाही चुकलं हो. अक्कालाही ते ऐकू गेलं असणार.

तिनं डोळे उघडले. त्या बाईंकडं नाही, माझ्याकडं वळली.

“बराबर म्हनं ना रे?”

मला ते सुत्त येत नाही. मी म्हटलं, हो अक्का. तिनं पुस्तिका मिटली.